पाठीला हात लावू नका: पहिल्या धनुष्याबद्दल वाचकांचे प्रश्न

स्वतःच्या हाताने पहिलं लाकडी धनुष्य घडवू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. उत्तरांत वारंवार येणारे चार शब्द आधी सांगून ठेवतो. बाण सोडताना लक्ष्याकडे असते ती धनुष्याची पाठ, आपल्याकडे असतं ते पोट. मुठीच्या वर-खाली वाकणारे दोन भाग म्हणजे भुजा. मुठीची जाडी कमी होत जिथे भुजेला मिळते तो उतार.

प्रश्न: सगळीकडे यू आणि ओसेज ऑरेंज या लाकडांचीच नावं वाचायला मिळतात. ती मिळत नाहीत. साध्या फळीतून धनुष्य होतं का?

होतं, आणि पहिल्या धनुष्यासाठी फळीच बरी. ओंडका फोडणं, सुकवणं, वाकडेपणा सांभाळणं हे सगळं त्यात वाचतं. रेड ओक, ॲश, हिकोरी, एल्म, हार्ड मेपल यांच्या फळ्यांपासून चांगली धनुष्यं होतात. यांपैकी काहीच नसेल तर जे कठीण, जड आणि चिवट लाकूड मिळेल ते तपासा. सुकलेल्या लाकडाचं वजन घनमीटरला ६०० किलो किंवा त्याहून जास्त असेल तर काम सोपं जातं. हलक्या लाकडाचंही धनुष्य होतं, पण भुजा जास्त रुंद ठेवाव्या लागतात.

मात्र जातीपेक्षा रेषा महत्त्वाच्या. फळी हातात घेऊन तिच्या दोन्ही रुंद बाजू आणि दोन्ही कडा पाहा. रेष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडेला समांतर गेली पाहिजे. मध्येच ती कडेतून बाहेर पडत असेल, तर तिथे लाकडाचे तंतू कापले गेले आहेत. पाठीवर ताण आला की भेग नेमकी त्या जागेवरून सुरू होते. शेवटच्या १५ सेंटीमीटरमध्ये एखादी रेष बाहेर गेली तर चालेल, कारण तिथे धनुष्य फारसं वाकत नाही. मधल्या भागात एकही नको. पाठीच्या बाजूला एकात एक बसलेल्या टोकदार कमानींची नक्षी दिसत असेल तर ती फळी टेबलासाठी ठेवा. दिसायला ती सुंदर असते, पण त्या कमानी म्हणजे कापली गेलेली वार्षिक वलयंच. फळीच्या टोकाला वलयं आडवी, उभी की तिरपी दिसतात, याला त्या मानाने कमी महत्त्व आहे.

एक चाचणी जरूर करा. त्याच फळीच्या कडेची साधारण १० मिमी चौरस आणि ६० सेंमी लांब पट्टी कापा आणि तुटेपर्यंत वाकवा. डोळ्यांवर चष्मा हवा. लांब कुसळं काढत, करकरत तुटली तर लाकूड चिवट आहे. खडूसारखी कट्कन सरळ तुटली तर ती फळी परत ठेवा, मग नाव कुठलंही असो. भट्टीत जास्त तापवलेल्या फळ्या बऱ्याचदा अशा निघतात.

प्रश्न: नेमकी मापं द्याल का? धनुष्य किती लांब, किती रुंद, किती जाड ठेवायचं?

आधी स्वतःची ओढ, म्हणजे दोरी पूर्ण मागे खेचल्यावर मुठीपासून तिचं अंतर, मोजा. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्याला अडीचने भागा. १७५ सेंमी भरलं तर ओढ सुमारे ७० सेंमी. धनुष्याची लांबी, म्हणजे दोरी अडकवायच्या एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचं अंतर, ओढीच्या दुपटीहून किमान १५ ते २० टक्के जास्त ठेवा. ७० सेंमी ओढीला १६१ ते १६८ सेंमी झाली. नवशिक्याने १७२ ठेवावी. लांब धनुष्य किंचित मंद असतं, पण चुका पोटात घालतं.

पहिल्यासाठी आमची शिफारस चपट्या, निमुळत्या भुजांच्या धनुष्याची. फळी १८० सेंमी लांब, ५० मिमी रुंद आणि २० मिमी जाड घ्या. मधोमध १० सेंमीची मूठ आणि तिच्या दोन्ही बाजूंना ५ सेंमीचे उतार आखा. उताराच्या शेवटी भुजेची रुंदी पूर्ण ५० मिमी, तिथून टोकापर्यंत सरळ रेषेत कमी होत खाचेपाशी १२ मिमी. जाडी सुरुवातीला सगळीकडे सारखी, १५ मिमी. मुठीसाठी पोटाच्या बाजूला २० सेंमी लांब आणि २५ मिमी जाड ठोकळा चिकटवायचा. मूठ नंतर सुमारे ३० मिमी रुंद करून हाताला बसेल अशी गोल करायची.

हा आकार सुचवण्यामागे कारण आहे. रुंदी सरळ रेषेत कमी होत गेली, की जाडी जवळपास एकसारखी ठेवूनही भुजा छान गोलाईत वाकते. मग कॅलिपरने दर १० सेंमीवर जाडी मोजत गेलं तरी निम्मं काम बिनचूक होतं. समांतर रुंदीच्या भुजेत जाडी टोकाकडे हळूहळू कमी करावी लागते आणि ती नजर पहिल्याच धनुष्याला आलेली नसते.

१५ मिमी हे सुरुवातीचं माप आहे, शेवटचं नव्हे. ओकच्या फळीत १५ किलोच्या आसपासचं, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य पूर्ण होईपर्यंत जाडी ११ ते १२ मिमीवर येते. लाकडागणिक फरक पडतो, म्हणून अंतिम माप आम्ही सांगणार नाही. ते लाकूडच सांगेल.

हिशेब मात्र डोक्यात पक्का ठेवा. भुजेचा ताठपणा रुंदीच्या प्रमाणात बदलतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी १० टक्के कमी केली तर ताठपणा १० टक्के उतरतो. जाडी १० टक्के कमी केली तर २७ टक्के! १६ मिमी भुजेवरून फक्त एक मिलिमीटर काढलं तरी ताकद १८ टक्क्यांनी घटते. नवशिक्यांची धनुष्यं मोडण्यापेक्षा जास्त वेळा 'संपतात' ती याच कारणाने.

प्रश्न: विजेच्या यंत्रांवर काम लवकर होणार नाही का?

बाह्य आकार कापायला बँडसॉ वापरा, हरकत नाही. पुढे रंधा, रास्प म्हणजे जाड दात्यांची कानस, साधी कानस, स्क्रेपर म्हणजे लाकूड खरवडायची पोलादी पट्टी, आणि पॉलिश पेपर, एवढंच. ग्राइंडर आणि पट्ट्याचं सँडर भुजेला लावू नका. दोन सेकंदांत एक मिलिमीटर जातो, आणि एका मिलिमीटरची किंमत वर सांगितलीच आहे. फळी घट्ट धरायला शेगडा किंवा दोन क्लॅम्प हवेत. जबड्यांत चामड्याचे तुकडे घाला, नाहीतर पाठीवर वळ उमटतात.

प्रश्न: झाडाची ताजी फांदी किंवा खोड मिळालं तर? किती दिवस सुकवायचं?

१५ ते २० सेंमी व्यासाचं, सरळ आणि पीळ नसलेलं खोड घ्या. साल ज्या दिशेने पीळ घेते, आतलं लाकूडही बहुधा तसंच असतं. तोडल्याबरोबर, म्हणजे त्याच दिवशी, दोन्ही टोकांना गोंदाचा किंवा रंगाचा जाड थर द्या. टोकांतून पाणी फार वेगाने उडतं, म्हणून चिरा तिथूनच आत शिरतात. मग पाचरी ठोकून खोड फोडा. करवतीने चिरू नका. फोडताना भेग तंतूंच्या वाटेने जाते, करवत आपल्याच वाटेने.

ॲश, एल्म, मेपल अशा पांढऱ्या लाकडांत सालीखालचा पृष्ठभाग हीच तयार पाठ. साल हाताने किंवा बोथट पात्याने सोला आणि तिथेच थांबा. तो पृष्ठभाग म्हणजे एकच अखंड वलय. उघडी पडलेली पाठही गोंदाने किंवा वॉर्निशने झाका, नाहीतर तडकते. ओसेज ऑरेंजसारख्या लाकडात बाहेरचं पांढरं लाकूड काढून आतल्या गाभ्यातलं एकच वलय टोकापासून टोकापर्यंत उघडं करावं लागतं. ते काम संयमाचं आहे. पहिल्या धनुष्याला नको.

अख्खी फाक सुकायला वर्षभर किंवा जास्त लागतं. धनुष्याचा ढोबळ आकार, भुजा २५ मिमी जाड ठेवून, आधीच काढून घेतला तर काही आठवड्यांत काम होतं. तो सरळ फळीला बांधून सावलीत, हवा खेळती राहील असा ठेवा. रोज एकाच वेळी वजन करा आणि लिहा. वजन घटायचं थांबलं आणि दोन आठवडे तिथेच राहिलं की लाकूड भोवतालच्या हवेशी जुळलं. हवं असतं ते ८ ते १० टक्के पाणी. १२ टक्क्यांच्या वर लाकूड वाकून तसंच राहतं, ६ च्या खाली ठिसूळ होतं. उन्हात किंवा ओव्हनमध्ये घाई केली तर आठवडा वाचतो आणि फाक जाते.

प्रश्न: टिलरिंग म्हणजे नक्की काय करायचं? कितीदा वाचलं तरी हातात फळी घेतल्यावर गोंधळ उडतो.

दोन्ही भुजा सारख्या आणि संपूर्ण लांबीत एकसारख्या वाकाव्यात म्हणून पोटावरून थोडं थोडं लाकूड काढत जाणं म्हणजे टिलरिंग. पोटावरून, पाठीवरून नाही. पाठीवर कानस किंवा रंधा चालवायचा नाही. कडांचे कोन फक्त गोल करायचे आणि पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने फिरवायचा.

सगळ्या टिलरिंगचा एकच नियम आहे: वाकण्यात दोष दिसत असताना त्यापुढे ओढायचं नाही. आधी दोष काढा, मग पुढे जा. अशक्त जागा दिसत असूनही 'पूर्ण ओढून तर बघू' म्हटलं, की सगळा ताण त्या एका जागी गोळा होतो, तिथल्या पोटाचे तंतू चिरडतात आणि मग ती जागा दुरुस्त होत नाही.

सुरुवात जमिनीवर. एक टोक कापडावर टेकवा, मूठ हाताने दाबा, आणि भुजा कशी वाकते ते बाजूने पाहा. दोन्ही भुजा ५ ते ८ सेंमी वाकू लागल्या, दिसायला सारख्या, की खाचा पाडा. टोकापासून २ सेंमी सोडून, दोन्ही कडांवर, ४ मिमी गोल कानशीने, ४५ अंशांच्या तिरक्या. खाच पाठीवरून आडवी न्यायची नाही.

मग लांब दोरी. ती धनुष्याएवढी किंवा जराशी लांब, सैल असते. उभ्या फळीच्या वरच्या टोकाला मुठीसाठी खोबण करा, खाली कप्पी लावा आणि फळीवर दर ५ सेंमीवर खुणा करा. दोरीला हूक लावून कप्पीतून घेतलेला दोर लांबून ओढायचा. लांबून पाहिल्याशिवाय वाकण्याचा आकार कळत नाही, आणि धनुष्य मोडलंच तर चेहरा वाटेत नसतो. मागच्या भिंतीवर आडव्या रेघा मारा, फोटो काढा, फोटो उलटा करून पाहा. उलट्या फोटोत डोळा सवयीने फसत नाही.

काय शोधायचं? भुजा कुठेतरी सपाट, सरळसोट दिसते ती जागा ताठ: तिथलं लाकूड काढायचं. एका जागी कोपर मोडल्यासारखी वाकते ती जागा अशक्त, तिला आपण बिजागरी म्हणू. बिजागरीला हात लावायचा नाही, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून त्यांना तिच्या पातळीवर आणायचं. गोंधळ होतो तो इथेच. नजर दोषाकडे जाते आणि कानस तिथेच टेकते.

डोळ्यावर भरवसा नसेल तर सोपं साधन करा. १५ सेंमी लांब, एक बाजू अगदी सरळ असलेला ठोकळा घ्या. मधोमध भोक पाडून त्यात घट्ट बसेल अशी पेन्सिल घाला. दोरी चढवलेल्या धनुष्याच्या पोटावरून तो सरकवा. जास्तीत जास्त वाकलेल्या जागी पेन्सिलचं टोक जेमतेम टेकणार नाही इतकं बाहेर ठेवा. आता भुजेवरून फिरवल्यावर जिथे जिथे रेघ उमटेल तिथली जागा ताठ. मूठ, उतार आणि शेवटचे १५ सेंमी सोडून द्या. ते ताठच हवेत.

लाकूड काढल्यावर धनुष्य त्या वेळच्या ओढीपर्यंत २० ते ३० वेळा हळूहळू ओढा-सोडा, मगच पुन्हा पाहा. काढलेल्या लाकडाचा परिणाम लगेच दिसत नाही. हे न करता कानस चालवत राहिलात तर अर्ध्या तासाने एकदम सगळं उतरलेलं आढळतं.

टोकं १० ते १२ सेंमी सारखी वाकली की आखूड दोरी चढवा, आधी मुठीपासून ८ ते १० सेंमी उंच. दोष काढून झाल्यावर १५ सेंमी. आता स्प्रिंगचा काटा लावा. तुम्हाला ७० सेंमी ओढीला १५ किलो हवे असतील तर काट्यावर १५ पेक्षा जास्त कधीच येऊ द्यायचे नाहीत. ४५ सेंमीलाच १५ दिसले तर तिथे थांबा, दोन्ही भुजांवरून सारखं खरवडा, सराव द्या, मग ४८ ला बघा. असे दोन-तीन सेंमीचे टप्पे. ६० च्या पुढे कानस ठेवून द्या आणि फक्त स्क्रेपर वापरा. पूर्ण ओढीवर धनुष्य धरून ठेवायचं नाही, एक नजर टाकून सोडायचं.

शेवटी वरची भुजा खालच्यापेक्षा किंचित मऊ ठेवतात. उताराच्या टोकाशी दोरीपर्यंतचं अंतर वरच्या बाजूला ३ ते ६ मिमी जास्त भरलं की ठीक.

प्रश्न: माझं धनुष्य ६० सेंमी ओढीला मोडलं. लाकूड खराब होतं की माझी चूक?

तुकडे टाकून दिले नसतील तर तेच उत्तर देतील. पाठीवरून एखादी कुसळ उचलली जाऊन तिरपी भेग आत गेली असेल, तर रेष तिथे तुटलेली होती. फळी निवडतानाची चूक. भेग कडेच्या धारदार कोनातून सुरू झाली असेल तर कोन गोल करायचे राहिले. किमान ३ मिमी गोलाई हवी. पाठीवर कानशीचा आडवा ओरखडा असेल तरी तसंच. गाठीपाशी तुटलं असेल तर गाठीच्या भोवतीचे वळसे घेतलेले तंतू कापले गेले असणार. पाठीवरची गाठ सपाट करायची नसते, तिच्याभोवतीचा उंचवटा तसाच ठेवायचा.

पोटावर आडव्या, केसासारख्या बारीक सुरकुत्या दिसत असतील तर मोडण्याची सुरुवात पोटाकडून झाली. लाकूड ताणाला जितकं टिकतं तितकं दाबाला सहसा टिकत नाही. सुरकुत्या एकाच जागी असतील तर ती बिजागरी होती. दोन्ही भुजांवर पसरलेल्या असतील तर त्या लाकडासाठी भुजा अरुंद होत्या. आणि खडूसारखा सरळ तुकडा पडला असेल तर मात्र दोष लाकडाचा, तुम्ही सुटलात.

पुढच्या फळीत रेषांबद्दल शंका असेल तर पाठीला तागाचं किंवा रेशमाचं पातळ कापड लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवा. कच्चं चामडं आणखी चांगलं. कुसळ उचलली जाण्याआधी ते तिला दाबून धरतं. वाईट फळी त्याने चांगली होत नाही.

प्रश्न: चिकटवलेला मुठीचा ठोकळा टक् आवाज करून निघाला.

ठोकळ्याखाली धनुष्य वाकत होतं. गोंद कितीही चांगला असला तरी वाकणाऱ्या लाकडावर न वाकणारा ठोकळा टिकत नाही. उतार ५ सेंमीपेक्षा आखूड असेल, किंवा त्याच्याखालची भुजा पातळ झाली असेल. जुना गोंद खरवडून दोन्ही पृष्ठभाग सपाट करा, नवा ठोकळा लावून रात्रभर क्लॅम्प ठेवा. उताराचं टोक कागदासारखं पातळ होत भुजेत विरलं पाहिजे, पायरी नको. भुजेचं वाकणं त्या टोकानंतर, हळूहळू सुरू व्हावं.

प्रश्न: दोरी उतरवल्यावरही धनुष्य वाकलेलंच राहतं. ते बिघडलं का?

लाकडी धनुष्याला थोडं पोक येतंच. दोरी उतरवल्याबरोबर मुठीच्या तुलनेत टोकं अडीच सेंमी आत आलेली असतील तर उत्तम काम. पाच सेंमीपर्यंत चालून जातं, फक्त बाण थोडा मंद जातो. त्याहून जास्त असेल तर लाकूड ओलं होतं, भुजा अरुंद होत्या, किंवा टिलरिंगच्या वेळी ठरलेल्या वजनापलीकडे ओढलं गेलं. पोक कुठे आहे तेही पाहा. मुठीजवळच असेल तर मुठीजवळचा भाग लवकर पातळ केला गेला आणि बाहेरचा अर्धा भाग काहीच काम करत नाही. उलट्या बाजूला वाकवून पोक घालवायचा प्रयत्न करू नका. चिरडलेले तंतू पुन्हा भरत नाहीत.

प्रश्न: ओढलं की दोरी मुठीच्या मध्यावर न राहता डाव्या कडेला जाते.

आधी खाचा तपासा. दोन्ही बाजूंच्या खाचा समोरासमोर आणि सारख्या खोल आहेत का? फरक अगदी थोडा असेल तर दोरी ज्या बाजूला सरकली त्याच बाजूची खाच किंचित खोल करा. तेवढ्याने भागलं नाही तर भुजेची डावी कड उजवीपेक्षा अशक्त आहे. कॅलिपरने दोन्ही कडांची जाडी मोजा, दिसेलच. पोटावरून उजव्या कडेकडचं लाकूड खरवडा. हे काम दोरी १५ सेंमीवर चढवण्याआधी झालं तर वजन गमवावं लागत नाही.

प्रश्न: पहिलंच धनुष्य इंग्लिश लाँगबो पद्धतीचं करायचं ठरवलं आहे. काय काळजी घ्यावी?

मनातलं धनुष्य बहुधा 'मेरी रोझ' जहाजावरचं असणार. १५४५ मध्ये ते बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं, आणि त्यावर १३० हून अधिक यूची धनुष्यं सापडली. अरुंद आणि जाड भुजेचं ते रूप यूला शोभतं, कारण यूचा गाभा दाब विलक्षण सहन करतो आणि बाहेरचं पांढरं लाकूड ताण. जाड भुजा वाकताना तिच्या पृष्ठभागावर जास्त ताण येतो. ओक किंवा ॲशला तोच गोलसर, अरुंद आकार दिला तर पोट चिरडतं. त्यांच्यासाठी रुंद आणि पातळ भुजा हव्यात, आणि हा शोध काही नवा नाही: डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत १९४४ मध्ये मिळालेलं, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचं धनुष्य एल्मचं आहे आणि त्याच्या भुजा रुंद, चपट्या आहेत. तरीही लाँगबोच हवा असेल तर लांबी १८५ सेंमीच्या आसपास ठेवा आणि पोट पूर्ण गोल न करता सपाटीकडे झुकतं ठेवा. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,००० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळचं यूचं धनुष्यही सुमारे १८२ सेंमी लांब होतं. तेही अर्धवट घडवलेलंच होतं, हे नवशिक्यांना दिलासा म्हणून सांगायला हरकत नाही.

प्रश्न: दोरी कशाची करावी? नायलॉन चालेल का?

नायलॉन नको, ते ताणलं जातं आणि दोरीची उंची सतत उतरत राहते. पॉलिस्टरचा धनुष्यासाठीचा धागा, ज्याला डेक्रॉन म्हणतात, तो घ्या. १५ किलोच्या धनुष्याला १२ पदर पुरेसे. तागाचा मजबूत धागाही चालतो, त्याला मेण चोळत राहावं लागतं. हिशेब असा: दोरीची तुटण्याची ताकद धनुष्याच्या ओढीच्या वजनाच्या किमान चौपट हवी. एक पदर किती वजनाला तुटतो ते काट्यावर पाहा आणि पदर मोजा. अजिबात न ताणल्या जाणाऱ्या आधुनिक धाग्यांची दोरी साध्या लाकडी खाचेत घालू नका. प्रत्येक बाणामागे धक्का थेट टोकांवर येतो आणि खाच कापली जाते.

वरचा फासा पक्का पिळून करा, खाली गाठ मारा. उंची कमी-जास्त करायला गाठ सोयीची. चढवलेल्या दोरीची उंची म्हणजे मूठ आवळून अंगठा वर केल्यावर होते तेवढी, साधारण १५ सेंमी.

प्रश्न: १५ किलो ठरवलं होतं, १० वर आलं. आता?

दोन्ही टोकांकडून दोन-दोन सेंमी कापून नव्या खाचा पाडा. वजन किलोभर वाढेल. आणखी कापायचं तर ओढ कमी करावी लागेल. १० किलोचं नीट वाकणारं धनुष्य लहान मुलाला किंवा सरावाला उत्तम, त्याच्यावर जबरदस्ती करू नका. पुढच्या वेळी दोन किलो जास्त ठेवून पूर्ण ओढीला पोहोचा. पॉलिश पेपर आणि पहिले शंभर बाण तेवढं वजन सहज खातात.

प्रश्न: शेवटचा हात काय द्यावा आणि वापरताना काय पाळावं?

८०, १२०, २२० अशा क्रमाने पॉलिश पेपर, मग उकळलेलं जवसाचं तेल चार-पाच हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. दमट हवेत राहणार असेल तर वॉर्निश बरं. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका.

बाण न लावता ओढलेली दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची ती सगळी ताकद भुजांत आणि दोरीत परतते. फार हलका बाणही अर्धामुर्धा तसाच. ओढीच्या दर पौंडामागे किमान १० ग्रेन, म्हणजे ०.६५ ग्रॅम, बाणाचं वजन हवं. १५ किलो म्हणजे ३३ पौंड, तेव्हा बाण २१ ते २२ ग्रॅमच्या खाली नको. ज्या ओढीला टिलरिंग केलं त्याच्यापुढे ओढू नका, आणि उंच मित्राच्या हातात द्यायचं असेल तर आधी त्याचे हात मोजा. नेमबाजी सुरू करताना चार-पाच वेळा अर्धं ओढून भुजा मोकळ्या करा. काम झालं की दोरी उतरवा आणि धनुष्य दोन खुंट्यांवर आडवं ठेवा. भिंतीला टेकून उभं ठेवलं तर खालची भुजा महिनाभरात वाकडी होते.